विचारा शालिकले

हे वाचणारा आत्ता कुठल्या दवाखान्यात पालथा पडून, नाकातोंडावर मास्क चढवून, एका डोळ्यानं मोबाईल बघत असेल, तर त्याला पहिली गोष्ट सांगतो. भाऊ, हे लिहिणारा जिवंत आहे. एक फुप्फुस चांगलं आणि दुसऱ्याचं जे उरलं ते, एवढ्यावर जिवंत आहे. सावजीच्या रश्शावर पुन्हा ताव मारतो आणि बायकोची बोलणी पोटभर खातो.

दुसरी गोष्ट. मी थापा मारतो. नागपुरातल्या कुठल्याही बँडवाल्याला विचारा, मनोहर ट्रम्पेटवाला कसा माणूस आहे. तो आधी हसेल आणि मग म्हणेल, "भाऊ, त्याच्या बोलण्यातून बारा आणे वजा करजा." तर यातूनही वजा करायचं ते करा. फक्त जिथं आजार येतो तिथं करू नका. तिथं मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

खांब आणि सिलिंडर

न्यू पारिजात बँडमध्ये आम्ही दोघं ट्रम्पेट वाजवायचो, मी आणि शालिक. मिसरूड फुटायच्या आधीपासून सोबत. शालिक उंच आणि वाळका, मी आडवा. लाल कोट, सोनेरी पट्टे, तुऱ्याची टोपी घालून शेजारी उभे राहिलो की विजेच्या खांबाला कुणीतरी गॅसचं सिलिंडर टेकवून ठेवलंय असं दिसायचं. तो माझ्या उजव्या हाताला. कायम. लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत, उमरेडच्या खाणवाल्यांच्या वरातीत, बुटीबोरीच्या कारखान्यातल्या पोरांच्या बारातीत, सगळीकडे उजव्या हाताला शालिक.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वरातीत ट्रम्पेट थांबून चालत नाही. थांबलं की रस्त्यात खड्डा पडल्यासारखं होतं, नाचणाऱ्याचा वर गेलेला पाय वरच राहतो. पण ट्रम्पेटवालाही माणूसच, त्याला श्वास लागतो. म्हणून दोघं असतात. एक श्वास घेतो तेव्हा दुसरा सूर धरून ठेवतो. आमची खूण कोपराची होती. त्याचं डावं कोपर माझ्या उजव्या कोपराला लागलं की समजायचं, आता हा दम घेणार, आपण धरायचं. माझं लागलं की त्यानं धरायचं. डोळे मिटून वाजवत असलो तरी कोपर चुकायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं की वाजवणारा एकच आहे आणि त्याला देवानं श्वासाची गरजच ठेवलेली नाही.

आणि शालिकचं दुसरं काम साक्ष द्यायचं. वाजवून झालं की मांडवामागं चहा यायचा आणि माझं सुरू व्हायचं. एकदा खापरखेड्याच्या लग्नात आम्ही असा सूर ओढला की वीज केंद्राच्या चिमणीचा धूर अर्धा तास जागच्या जागी उभा राहिला, वारा असूनही हलला नाही. पोरं ओरडायची, "कितलं फेकता मनोहरभाऊ!" मी म्हणायचो, "विचारा शालिकले."

शालिक दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. तो बशी खाली ठेवायचा, मिशी पुसायचा आणि मयतीला आल्यासारख्या चेहऱ्यानं सांगायचा, "हाव. म्या पाह्यलं."

बस्स. कधी हसला नाही, कधी नाही म्हणाला नाही. एकदा तर मी अशा लग्नाची गोष्ट सांगितली जिथं तो तापानं पडला म्हणून आलाच नव्हता. तरी बशी खाली आली. "हाव. म्या पाह्यलं."

भोकाचे मास्क

पहिल्या लॉकडाऊनचा उन्हाळा आम्ही टरबुजांच्या ठेल्यावर काढला. लग्नं बंद, मिरवणुका बंद. कोट पेटीत, ढोल दुकानाच्या माळ्यावर. शालिक वजन करायचा, मी ओरडायचो. "घ्या मावशी, कालच्या टरबुजात तर आख्खा संसार मांडता आला असता, विचारा याले." मावशी त्याच्याकडे बघायच्या. "हाव," शालिक म्हणायचा, "म्या पाह्यलं." टरबुजं बरी खपली. पण संध्याकाळी ठेला आवरून झाला की तो नुसत्याच ओठांनी, बिनवाद्याचा, हवेत फुंकत बसायचा. ओठ मऊ पडतील याची त्याला भीती वाटायची. ट्रम्पेटवाल्याचे ओठ मऊ पडले की संपलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात थोडी लग्नं सुरू झाली, मोजक्या माणसांची, परवानगीची. बँडवाल्यांनाही मास्क लागेल असं सांगितलं. आता तोंड झाकून ट्रम्पेट कसं वाजवायचं? माझी बायको वंदना शिवणकाम करते. तिनं आमच्या लाल कोटांच्या उरलेल्या कापडाचे मास्क शिवले, कडेला सोनेरी फीत लावली आणि मधोमध गुंडीच्या काज्यासारखी फट ठेवली, ट्रम्पेटचं तोंड आत जाईल एवढी. आम्हाला ते इतके आवडले की आम्ही घालून फोटो काढले.

सक्करदऱ्याजवळ एका हवालदारानं वरात थांबवली. माझ्यासमोर येऊन तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे काय हाये?"

"मास्क, साहेब."

"अन् हे भोक?"

"साहेब, त्या भोकातून आमी नुसतं फुकतो. घेत काई नाही."

हवालदार इतका हसला की त्याचा स्वतःचाच मास्क हनुवटीवर आला. त्यानं शालिककडे पाहून विचारलं, "खरं काय रे?" शालिक म्हणाला, "हाव."

हे त्या मोसमातलं रस्त्यावरचं शेवटचं हसणं.

पितळेचा वास

ट्रम्पेटवाल्याच्या नाकात कायम पितळेचा वास असतो. ओठाला, मिशीला, उशीलासुद्धा. बायका म्हणतात याचा त्रास होतो, आम्हाला तर तो येतो हेही कळत नाही. तो गेला तेव्हा कळला. सकाळी गच्चीवर चिंचेनं ट्रम्पेट घासत होतो आणि मध्येच वाटलं की हातात काही नाहीच. नाकाला लावलं, काही नाही. चाटून पाहिलं, काही नाही. घाबरून ओठाला लावलं आणि सूर धरला. रोज मी सूर धरायचो तो खाली नळावर शेजारच्या मावशींची बादली भरेपर्यंत. त्या दिवशी बादलीचा तळ ओला व्हायच्या आत सूर तुटला आणि खोकला आला तो बसवेपर्यंत.

शालिकला फोन लावला.

"शालिक, तुले पितळ येऊन राहिलं का नाकात?"

 तो म्हणाला, "नाई बे."

"कालपासून?"

"परवापासून. म्या म्हटलं, चिंचच जुनी असन."

 माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला सांगायला काही नव्हतं.

तपासणी झाली, दोघांचाही निकाल आला तो सगळ्यांचा येत होता तसाच.  शिलाई मशीनवर अर्धवट शिवलेला मास्क होता, वंदना त्याच्याकडे बघत बसली. मी म्हटलं, "अवं, तुह्या मास्कानं नाई झालं." ती म्हणाली, "मंग कशानं झालं?"   तुमच्या घरात असा प्रश्न कुणी विचारत असेल तर त्या माणसाला मिठी मारा. मला लागण झालेली, म्हणून तेव्हा मला मारता आली नाही.

दोनच दिवसांत चार पायऱ्या चढताना भिंत धरावी लागली. वंदना आणि शालिकची बायको सुमन, दोघींनी आम्हाला एका ऑटोत घातलं आणि दवाखाना शोधत निघाल्या. त्या आठवड्यात नागपुरात खाट मिळणं म्हणजे काय होतं ते नागपूरकराला सांगायला नको. प्रत्येक फाटकावर नाही. ऊन असं की ऑटोची कड हाताला चिकटत होती. एका ठिकाणी मी म्हटलं, "घरीच चाला." ऑटोवाला मागं न बघता म्हणाला, "काका, चूप बसा. माह्या वरातीत वाजवलं तुमी. सोडत नाही मी तुमाले." मी नागपुरातल्या अर्ध्या लोकांच्या वरातीत वाजवलंय असं मी नेहमी सांगतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा पुरावा मिळाला. खाट मिळेपर्यंत तो माणूस हलला नाही. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

डाव्या हाताला

दोघांना एकाच वॉर्डात, शेजारीशेजारी खाटा मिळाल्या. पण शालिक माझ्या डाव्या हाताला होता. हसू नका, मला ते पहिल्या दिवसापासून टोचत होतं. उजव्या हाताला भिंत होती.

वॉर्डात दिवस असा जायचा. पहाटे रक्त काढायचे. मग चहा, त्याला चव नाही. मग बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायचा, आणि सिस्टरच्या डोळ्यांकडे बघायचं, कारण बाकी चेहरा दिसत नाही. मग पालथं पडायचं. पालथ्या माणसाला फक्त शेजारच्या खाटेखालच्या चपला दिसतात. मी माणसं चपलांवरून ओळखायला लागलो. एखाद्या सकाळी चपला तिथंच असायच्या आणि चादर बदललेली असायची.

एकदा अशाच एका रिकाम्या खाटेवरचा फोन वाजायला लागला. उशीखाली राहिला होता. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. आम्ही सगळे पालथे पडून ऐकत होतो. कुणाच्यात उठायची ताकद नव्हती, आणि असती तरी उचलून काय बोलणार होतो?

तो थांबला तेव्हा शालिक मास्कमधून म्हणाला, "मन्या, काई सांग."

मग मी सांगायला लागलो. खापरखेड्याचा धूर सांगितला. नवरदेवाच्या फेट्यात पोपटानं अंडी घातली ते सांगितलं. एक वाक्य, मग चार श्वास, मग एक वाक्य. पलीकडचे एक रिटायर मास्तर म्हणाले, "हे शक्य नाही." मी म्हटलं, "विचारा शालिकले." शालिक पालथाच होता. त्यानं चादरीतून हात बाहेर काढला, अंगठा वर केला. "हाव." सगळा वॉर्ड हसला, आणि हसता हसता सगळ्यांचे आकडे उतरले, सगळीकडून टूंटूं वाजायला लागलं. रंजना सिस्टर धावत आली. अंगभर पांढरा झगा, छातीवर निळ्या पेननं नाव लिहिलेलं, उमरेडची पोरगी.

"काका, तुमी चूप बसाचं काय घ्यान? माह्या पेशंटाईले मारता का हसवून?"

"बाई, म्या काय केलं, तो पोपट..."

"पोपट नोका सांगू. हे घ्या."

तिनं मला ते प्लास्टिकचं यंत्र दिलं, तीन नळ्या, तीन गोळ्या. ज्याला लागलंय त्याला माहीत असेल. शालिकलाही तसंच एक दिलं. मला तर आनंदच झाला. म्हटलं, बाई, कुणाला देऊन राहिली तू हे? मी ट्रम्पेटवाला आहे, तुझ्या गोळ्या छप्पर फोडून दीक्षाभूमीपर्यंत जातील. मास्क बाजूला केला, नळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून फुंकलं.

गोळ्या हलल्या नाहीत. एकही नाही.

"काका," रंजना म्हणाली, आणि यावेळी ती चिडलेली नव्हती, "फुकाचं नाही. आंदर ओढाचं."

मी ओढून पाहिलं. मला येईना. खोटं वाटेल, पण खरंच येईना. आयुष्यभर मी हवा बाहेर टाकली होती. आत घ्यायची ती चोरून, कोपराच्या एका धक्क्यात, शालिकनं सूर धरला असताना. श्वास घेणं हे काम म्हणून मी कधी केलंच नव्हतं. ओढायला गेलो की छातीत कुणीतरी दार लावून घ्यायचं.

शेजारी शालिकनं ओढलं. एक गोळी उठली, थरथरली, उभी राहिली. त्यानं नळी काढून माझ्याकडे पाहिलं.

"वरातीत घेते तसा घे बे. चोरून. जास्त नोको मागू."

मी घेतला. गोळी तळाशी जरा डुगडुगली.

"हां," शालिक म्हणाला. "तसाच."

कोपर

त्याचा आकडा मात्र उतरत गेला. माझा एक दिवस वर, एक दिवस खाली. त्याचा नुसता खाली. तो काही बोलायचा नाही, पण खाटेच्या लोखंडी कडेवर त्याची बोटं हलायची, ट्रम्पेटची बटणं दाबल्यासारखी. मी बघायचो आणि कोणती धून आहे ते ओळखायचो. कधी चुकीची ओळखली की तो मान हलवायचा.

एका दुपारी दोघं जण स्ट्रेचरची गाडी घेऊन आले. त्याला वरच्या मजल्यावर न्यायचं होतं, मोठ्या मशीनवर. मी विचारलं, "मले नाई का न्यायचं?"  गाडी माझ्या खाटेच्या पायथ्याशी वळली तेव्हा तो उताणा होता, तोंडावर मास्क, डोळे माझ्याकडे. त्यानं डावं कोपर उचललं. जरासंच. गाडीच्या कडेवर आपटलं.

मला कळलं. तो दम घेणार होता, मी धरायचं होतं.

मी म्हटलं, "धरतो. जाय तू."

घोडीची गोष्ट

त्यानंतर मी वंदनाला फोनवर रोज एकच विचारायचो. "शालिक?"

"बरे हायेत. मशीनवर हायेत, बोलता येत नाही. सुमनताई सांगत होती, कालच्यापेक्षा बरं."

पहिले काही दिवस मी मानलं. मग मला तिच्या आवाजात काहीतरी ऐकू यायला लागलं. वंदनाला खोटं बोलता येत नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे. ती आधी उत्तर द्यायची आणि मग श्वास घ्यायची. खरं बोलणारा आधी श्वास घेतो.

म्हणून मी एक युक्ती केली. तिला म्हटलं, "एक काम कर. सुमनवहिनीले सांग, शालिकले वर फोन दाखवतात तवा विचाराले लाव. त्या उमरेडच्या लग्नात नवरदेवाची घोडी वाजवणं ऐकून गच्चीवर चढली होती का नाई? इथं मास्तर मानत नाहीत. शालिकले नुसती मान हलवाले सांग."

अशी घोडी कुठल्याच गच्चीवर चढली नव्हती. ती मी त्या क्षणी, पालथा पडून, उशीत तोंड घालून चढवली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी म्हटलं, "विचारलं?"

"हाव. विचारलं."

"काय म्हणे?"

 वंदना म्हणाली, "ते म्हणे, आठवत नाही. म्हणे, असं काई झालं नसन."

मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला. भिंतीकडे तोंड केलं, उजव्या हाताच्या भिंतीकडे. शालिक असता तर त्याला आठवलं असतं. मशीनवर असता, डोळे उघडत नसता, तरी अंगठा वर केला असता. दोन बायकांनी माझ्यासाठी बसून विचार करून उत्तर शोधलं असणार, काय सांगावं म्हणजे मला खरं वाटेल. आणि दोघी खऱ्या बोलणाऱ्या, म्हणून त्यांना खरं उत्तर सुचलं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. रंजना सिस्टर आली, आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत असणार, वरचं खाली कळतंच. ती माझ्या डाव्या बाजूला, शालिकच्या खाटेपाशी गेली. तिथं आता दुसरा पेशंट होता. तिनं खाटेखालचं त्याचं गोळ्यांचं यंत्र उचललं आणि माझ्या कपाटावर, माझ्या यंत्राशेजारी ठेवून दिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दोन हातमोज्यांतून हाताची ऊब लागत नाही असं लोक म्हणतात. मी सांगतो, लागते.

नंतरचे सगळे दिवस वंदना मला सांगत राहिली की शालिक बरा आहे आणि मी तिला सांगत राहिलो की मला बरं वाटलं ऐकून. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, मी तिच्यासाठी. दर वेळी फोन ठेवल्यावर मी गोळ्या ओढायचो. चोरून. जास्त न मागता. एक उठली. मग कधीतरी दुसरी अर्ध्यात गेली. तिसरी मी कधीच उठवली नाही, कुणी सांगत असेल तर थाप आहे.

घरी

घरी आलो तेव्हा मला उंबरठ्यावर बसवून वंदनानं आधी पाणी दिलं. शिलाई मशीनवर लाल मास्कांचा गठ्ठा होता. एकेक उचलून पाहिला. सगळ्यांच्या फटी तिनं शिवून बंद केल्या होत्या. बारीक, पक्की शिवण, लाल दोऱ्यानं. मी दवाखान्यात होतो तेवढे दिवस ती हेच करत बसली असणार.

ती समोर बसली. "अवो, ऐका नं. तुमाले एक सांगाचं हाये."

"मले मालूम हाये."

तिनं मान वर केली. "कवापासून?"

"घोडी गच्चीवर नाही चढली तवापासून."

ती आधी समजली नाही. मग समजली, आणि पदर तोंडात कोंबून जे रडली ते मी याआधी पाहिलं नव्हतं. "मले वाटलं, बरोबर उत्तर देल्लं मी," ती म्हणत होती. "मले वाटलं, असं कसं होईन, घोडी गच्चीवर कशी जाईन..."

शालिकला दुपारी वर नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला होता. घरच्यांना दिला नाही, तेव्हा देत नव्हते. सुमनवहिनीनं फाटकाबाहेरून त्याला नेणारी गाडी जाताना पाहिली. ज्यानं हजारभर वराती वाजवल्या त्याच्यामागं एक माणूस चालला नाही, एक सूर वाजला नाही.

चालता यायला लागलं तसा मी तिच्याकडे गेलो. जाताना ठरवलं होतं की हे बोलायचं, ते बोलायचं. पोचलो तर धाप लागलेली. तिनं खुर्ची दिली, कूलर माझ्याकडे वळवला. भिंतीवर त्याचा लाल कोटातला फोटो, तोंडावर तोच भोकाचा मास्क. दुसरा चांगला फोटोच नव्हता म्हणे.

ती म्हणाली, "भाऊजी, आता वाजवता येईन का तुमाले?"

"डॉक्टर म्हणते, फुकाचं काम सोडा. दुसरं काई पाहा."

"अन् तुमी काय म्हणता?"

 जोडीतला एक उरला तर तो काय वाजवणार, हे तिला कसं सांगू? मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलायला लागलो, आणि तोंडातून तीच निघाली, उमरेडची घोडी. कशी ती वाजवणं ऐकून बिथरली, कशी जिन्यावरून टपटप वर गेली, नवरदेव मानेला लोंबकळत, आणि वरून खाली बघून कशी खिंकाळली. मध्येमध्ये थांबून, धापा टाकत सगळी सांगितली. संपली.  सवयीनं माझं तोंड उजवीकडे वळलं आणि तिथंच राहिलं.

सुमनवहिनीनं हातातला पेला खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

"हाव," ती म्हणाली. "मले सांगत होते ते. उतरेच ना म्हणे घोडी."

पुन्हा वरातीत

ट्रम्पेट वंदनानं गव्हाच्या कोठीत लपवलं होतं. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पुष्कळ दिवस गेले. एकदा छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, हळूहळू, थोडं थोडं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रम्पेट चहाच्या पेल्याशेजारी ठेवलेलं होतं, नळीत गव्हाचे दाणे. गच्चीवर गेलो. बादली अर्धी भरेपर्यंत सूर टिकला. मावशींनी खालून ओरडून विचारलं, "आले का वापस?" मी म्हटलं, "अर्धा आलो."

आता मी पुन्हा वाजवतो. लांबच्या वराती नाही, जवळच्या. माझ्या उजव्या हाताला आता क्लॅरनेटवाला चालतो, चांगला आहे, पण त्याला मी कोपराचं काही शिकवलेलं नाही. मला जिथं श्वास लागतो तिथं मी सरळ थांबतो. सूर तुटतो. ढोल एकटा पुढं जातो, मग मी मागून येऊन गाठतो. पहिल्या वेळी मला वाटलं, आता लोक हसतील. नाचणाऱ्यांनी पाय खाली टेकवले आणि पुढं नाचायला लागले.

कुणी विचारलं की मनोहरभाऊ, मध्येच काहून थांबता, तर सांगतो की परदेशात अशीच पद्धत आहे. साक्षीला कुणी नसतं, त्यामुळे फारसं कुणी मानत नाही.

दवाखान्यात पडल्यापडल्या वाचणाऱ्या भावा, तुला जाताजाता एवढंच. ती गोळ्यांची नळी मिळाली की फुंकू नकोस, ओढ. चोरून घे. जास्त मागू नकोस. हे मी नाही, माझ्यापेक्षा चांगला वाजवणारा एक जण सांगून गेला आहे.

आणि थोडं माझं. प्रत्येक धुनेत एक जागा असते जिथं शालिकचं कोपर लागायचं. तिथं माझी छाती फाटायला येते, डोळ्यांपुढं लाल होतं, वंदना ओरडेल म्हणून तिला हे सांगितलेलं नाही. कुठंही थांबतो, पण त्या जागी मी थांबत नाही. धरून ठेवतो. तिथं दम शालिक घेतो.